तार तोडून दाखवा

भर हमरस्त्यात, दहा-वीस माणसांसमोर आणि माझ्या नवऱ्याच्या देखत एका माणसाने माझं मंगळसूत्र पकडीने तोडलं. हे मी कुठल्याही बाईला सांगितलं की तिचा हात आधी स्वतःच्या गळ्याकडे जातो आणि मग ती विचारते, "कोण मेला तो?" मेला वगैरे म्हणू नका, आमच्या शाळेतले सर होते ते. आणि मी आज बसून हे लिहिते आहे ती त्यांच्यामुळेच.

मांजरसुंब्याच्या पुढे एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथे मी भाषा शिकवायचे आणि ते विज्ञान. दोघांचंही बिऱ्हाड बीडला, जाणं-येणं रोजचं. सर माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे, अंगाने काटकुळे आणि बिनलग्नाचे. पांढरा शर्ट, मातकट पँट आणि पट्ट्याला चामड्याच्या म्यानात अडकवलेली एक घडीची पक्कड. उलगडली की पक्कड, आणि तिच्या दांड्यांतून चाकू, पेचकस, कानस, डबा उघडायचं पातं असं एकेक बाहेर यायचं. दुकानदार तिला मल्टिटूल म्हणतात. सर 'हत्यार' म्हणायचे आणि पोरं पाठीमागे सरांनाच 'पक्कडसर' म्हणायची.

या माणसाने मला पहिला धक्का नोकरीच्या पहिल्याच दिवशी दिला. मी शाळेच्या पायऱ्या चढत होते आणि चपलेचा पट्टा निघाला. नवी साडी, नवी नोकरी, सगळा स्टाफ व्हरांड्यात उभा. मी कशीबशी पाय ओढत ऑफिसात पोचले तर हे समोर येऊन म्हणाले, "बाई, पाय वर करा." मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तोवर त्यांनी वाकून चप्पल काढूनही घेतली होती. मुख्याध्यापक माझ्या हजर होण्याच्या कागदावर सही करत होते, आणि शेजारच्या खुर्चीवर एक अनोळखी पुरुष माझी चप्पल मांडीवर घेऊन तिला तार घालत बसला होता. लाजेने माझं तोंड लाल झालं. चप्पल परत देताना त्यांनी नाव, गाव काही विचारलं नाही. "टाच एका बाजूनं झिजती तुमची. कंबर दुखत आसंल," एवढंच म्हणाले. कंबर दुखत होती हे खरं, पण म्हणून असं चारचौघांत सांगायचं?

माणूस वाईट नव्हता, पण बिघडलेली वस्तू दिसली की ती कुणाच्या अंगावर आहे हे त्यांना दिसायचंच नाही. एकदा केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले. त्यांच्या चष्म्याची एक काडी सैल होती, बोलताना ते ती सारखी वर ढकलायचे. सर मागच्या बाकावरून उठले, पुढे आले आणि म्हणाले, "साहेब, हलू नका." आणि चष्मा साहेबांच्या नाकावर असतानाच त्यांनी कानाजवळचा स्क्रू पिळायला घेतला. पेचकसाचं टोक डोळ्यापासून बोटभर लांब. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. केंद्रप्रमुखांनी नंतर शेरा चांगला दिला. भीतीपोटी दिला असावा, अशी मला अजून शंका आहे.

पण कहर झाला तो आमच्याच एका तरुण शिक्षकाच्या लग्नात. आमच्याकडे हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत नवरदेवाच्या हातात कट्यार असते, टोकाला लिंबू टोचलेलं. ऐन मुहूर्ताच्या वेळी ती कट्यार सापडेना. करवल्या रडकुंडीला आल्या, नवरदेवाचा मामा आचाऱ्याकडे सुरी मागायला पळाला. तेवढ्यात सरांनी पट्ट्यातून हत्यार काढलं, चाकूचं पातं उघडलं, पंगतीच्या ताटातलं लिंबू त्याला टोचलं आणि नवरदेवाच्या हातात दिलं. "धर बे. लोखंड आसलं म्हंजी झालं." तो बिचारा सगळं लग्न हातात लिंबू लावलेली पक्कड घेऊन उभा राहिला. फोटोंतही ती आहे. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि नवरीची आजी मोठ्याने विचारत होती, "नवरा मेकॅनिक हाय का?" अक्षता पडल्या तशी सरांनी ती परत घेतली, लिंबू आपल्या वरणात पिळलं आणि जेवायला बसले. तेव्हा आम्ही सगळ्यांनी एक गोष्ट पक्की ठरवून टाकली: हा माणूस कशालाच मानत नाही.

या जुन्या पकडीचा जबडा एक दिवस चिरला. घरातलं माणूस आजारी पडावं तसे सर आठवडाभर गप्प होते. नवी घ्यायची ठरली तेव्हा माझा नवरा म्हणाला, "मलाही एक घ्यायचीच आहे." तो कृषी सेवा केंद्रात कामाला. दिवसभर पोती उघडायची, फवाऱ्याचे नोझल काढायचे. मी मोठ्या कौतुकाने दोघांची गाठ घालून दिली. एका रविवारी दोघे बीडच्या बाजारात निघाले आणि मला भाजी घ्यायची होती म्हणून मीही बरोबर गेले. भाजी त्या दिवशी झालीच नाही.

नवऱ्याला पहिल्याच दुकानात एक काळी, चकचकीत, जाडजूड वस्तू आवडली. दुकानदार एकेक पातं बाहेर काढून दाखवत होता. सरांनी त्यातलं एक दातेरी पातं बोटाने हलवलं.

"ह्ये कशाला हाय?"

"माशाचे खवले काढायला, सर."

"बीडमधी समुदर कुठं हाय? आन् हे वाकडं शेपूट?"

"बाटलीचं बूच काढायला."

"आपल्याकडं बुचाची कोण पितंय बे? सगळी झाकणाची पितेत." मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "दाजी, जी कामं तुमी करीत न्हाई, त्यांचं वजन कावून वागवायचं?"

माझ्या नवऱ्याने ती जड मनाने खाली ठेवली. त्याच्या शेजारी त्याहून भारी, परदेशी बनावटीची म्हणून एक काचेच्या पेटीत होती. दुकानदाराने ती दाखवली तर सरांनी हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "म्हाग हत्यार खिशात ऱ्हात न्हाई. खरचटंल, हरवंल म्हणून माणूस कपाटात ठिवतो. आन् घरी ऱ्हायलं ते आपलं न्हाईच." पाचशेच्या आत जे बसेल तेवढंच बघायचं, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. हरवलं तरी जेवण गोड लागलं पाहिजे, हे त्यांचं माप.

पुढचं जे झालं त्याने मी त्या दुकानात पुन्हा कधी पाऊल टाकलं नाही. सरांनी एक साधी पक्कड निवडली, पँटच्या खिशात घातली आणि दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसले. उठले. परत बसले. दोन गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून गेली. "दाजींकडं म्यान न्हाई, खिशात घालून मांडी घालता आली पायजे. पंगतीला बसल्यावर टोचलं की माणूस दुसऱ्या दिशी घरी ठिवतो." मग शेजारच्या गाड्यावरून एक भजं मागवलं, तेलकट हाताने पाती उघडून पाहिली. मग डाव्या हाताने. मग डोळे मिटून. दुकानदार एव्हाना काउंटरमागून बाहेर येऊन कंबरेवर हात ठेवून उभा होता.

सगळ्यात शेवटी त्यांनी स्वतःच्या खिशातून तारेचं वेटोळं काढलं. बांधकामाची नव्हे, चांगली कडक पोलादी. "आता तार तोडून दाखवा."

दुकानदार भडकला. "सर, नव्या मालावर तार तोडू का? घेणार कोण मग?"

"तुटली तर मी घेतो. जबड्याला खाच पडली तर बी मीच घेतो, आन् तुमच्याम्होरं फेकून देतो. चाकू काय, इळा बी कापतो. पक्कड तार तोडंना तर ती नुसता चिमटा हाय."

एका पकडीच्या जबड्याला खरंच खाच पडली. त्यांनी तिचे पैसे दिले आणि ती दुकानाबाहेरच्या नालीत टाकली. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दुसरीने तार तोडली, कट्‌ असा स्वच्छ आवाज आला आणि सरांचा चेहरा खुलला. तशाच दोन घेतल्या, एक त्यांना, एक माझ्या नवऱ्याला. नवऱ्याने आपली पुढच्याच आठवड्यात कृषी केंद्रात कुठेतरी हरवली. जेवण त्याला गोडच लागलं.

आता त्या दिवसाकडे येते. पंधरा ऑगस्ट होता. एरवी मी शाळेत पंजाबी ड्रेस घालून जायचे, झेंडावंदन म्हणून पांढरी सुती साडी नेसले होते. एस.टी.चा भरवसा नव्हता म्हणून नवऱ्याने मोटारसायकलवर सोडायचं ठरवलं. सर मागून त्यांच्या जुन्या स्कूटरवर येत होते. मांजरसुंब्याच्या चौकाच्या अलीकडे, ढाब्यांची रांग सुरू होते तिथे, माझा पदर वाऱ्याने सुटला आणि मागच्या चाकात गेला.

असे अपघात आपण ऐकतो आणि म्हणतो, बाई पदर नीट खोचायचा नाही का. पदर सुटल्याचं मला कळलंच नाही. मला कळलं ते एवढंच की कुणीतरी मागून गळा धरून खेचलं. नवऱ्याने ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली आणि मी रस्त्यावर चाकाला डोकं लावून पडले. पदराचा गळ्याभोवती पीळ बसला होता आणि त्या पिळात मंगळसूत्र गुंतलं होतं.

ते मंगळसूत्र साधं दोऱ्यात ओवलेलं असतं तर तेव्हाच तुटलं असतं. पण आमच्या गल्लीत एकीचं मंगळसूत्र दिवसाढवळ्या हिसकून नेलं, आणि त्यानंतर सगळ्या बायकांनी आपापली मंगळसूत्रं पटवेकऱ्याकडे नेऊन मण्यांतून स्टीलची तार ओवून घेतली. माझ्यात तर सासूबाईंनी दुहेरी घालायला लावली होती. ओढणारा फरफटत गेला तरी तुटणार नाही, असं पटवेकऱ्याने आम्हाला अभिमानाने सांगितलं होतं. त्याने काम चोख केलं होतं.

ढाब्यावरची माणसं धावली. कांदा चिरायची सुरी आणून कुणीतरी पदर कापला. पण गळ्यातली तार तशीच होती, साखळीच्या चक्रात गुंतलेली, आणि कातडीत रुतत चाललेली. नवरा चाक उलटं फिरवायला बघत होता, चाक जागचं हलत नव्हतं. माझा आवाज फुटत नव्हता. मला सगळं ऐकू मात्र येत होतं, आणि जे ऐकू येत होतं त्याने मी आजही हादरते.

"तोडा की ते!"

"आरं, मंगळसूत्र हाय बे! नवरा हितं उभा हाय तिचा."

"तसं नका करू, पाप लागंल. उलगडा हळूहळू."

"कुण्या बाईला बोलवा, बाईच्या हातानं काढू द्या."

एवढी धडधाकट माणसं, हातात सुऱ्या, पाने, पकडी, सगळं होतं. आणि त्या तारेला हात लावायला एकही पुढे येईना. त्यांना मी मरावं असं वाटत होतं का? मुळीच नाही. एकजण तर रडत होता. माझा नवरासुद्धा तार बोटांनी सोडवत होता, तोडत नव्हता. मी त्याला दोष देत नाही. मी स्वतः बघ्यांत असते तर मीही "उलगडा" म्हणाले असते.

तेवढ्यात सरांचे मातकट पँटचे पाय दिसले. ते गुडघ्यावर बसले. म्यानाचं बटण उघडल्याचा आवाज झाला.

नवरा म्हणाला, "सर, ते नको... थांबा ना जरा."

"दाजी, तुमी तिकडं तोंड करा."

"सर—"

"तिकडं बघा म्हणतो ना!"

सरांना ओरडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. थंड लोखंड माझ्या कानाखाली टेकलं आणि कट्‌ असा आवाज आला. परत एकदा कट्‌. तार दुहेरी होती ना. मग हवा आत आली. अशी हवा मी जन्मात घेतली नव्हती.

काळे मणी डांबरावर विखुरले आणि लोक चार पावलं मागे सरकले, मण्यांवर पाय पडू नये म्हणून. पेरू विकणाऱ्या एका म्हातारीने ते वेचून ओंजळीत आणून दिले. "वाढलं गं माय," एवढं बोलली. तुटलं म्हणायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. सर केव्हा निघून गेले ते कुणी पाहिलं नाही. झेंडावंदनालाही ते आले नव्हते, असं नंतर कळलं.

घरी मला वाटलं होतं, सासूबाई आकांत करतील. त्यांनी माझ्या गळ्यावरचा वळ पाहिला, पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून देवासमोर माझ्या गळ्यात बांधलं आणि गप्प राहिल्या. सरांबद्दल चांगलं नाही, वाईट नाही, एक शब्द नाही. मला ते गप्प राहणं शिव्यांपेक्षा जड वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. सर उंबऱ्याबाहेर उभे.

"दाजी हायेत का?"

"आहेत की. आंघोळ करतायत. बोलावू?"

"नगं. हायेत ना? बरं." आणि गेले.

मला वाटलं, अवघडले असतील. पण तिसऱ्या दिवशी तेच, त्यानंतरही तेच. "दाजी हायेत का? बरं." आत या म्हटलं की नाही, चहा नाही, पाणी नाही. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तरी वाकडी वाट करून यायचे. कधी नवऱ्याच्या गाडीचे टायर अंगठ्याने दाबून बघायचे, कधी ब्रेकची तार आवळून जायचे. एकदा नवं हेल्मेट घेऊन आले आणि त्याच्या डोक्यात स्वतःच्या हाताने घालून, पट्टा लावून पाहिला. नवरा वैतागला. "तुझे सर माझ्या जगण्यावर टपलेत का मरण्यावर, काही कळत नाही." शाळेत तर अजब. एका पोरीच्या दप्तराची चेन अडकली, ती सवयीने त्यांच्याकडे गेली, तर म्हणाले, "आज हत्यार न्हाई." पट्टा मोकळा होता.

मग दिवाळीच्या सुमाराला नवऱ्याला डेंग्यू झाला. प्लेटलेट धडाधड उतरल्या, बीडच्या एका खासगी दवाखान्यात ठेवावं लागलं. माझी पाचावर धारण बसली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई शहाळं आणायला खाली गेल्या, आणि परत आल्या त्या सरांना मनगटाला धरून ओढत. सरांची दाढी वाढलेली, ओठ सुकलेले.

"हा मास्तर कालपासून खाली मेडिकलच्या पायरीवर बसलाय," सासूबाई म्हणाल्या. "इचारलं तर म्हणतोय, माझ्यामुळं झालं."

मला हसूच आलं. "सर, तुम्ही? तुम्ही तर असलं काही मानत नाही!"

"कोण म्हणलं?" सर म्हणाले.

या माणसाने मला आजवर पुष्कळ धक्के दिले होते, पण हा सगळ्यांत मोठा होता. ते मानत होते. त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाइतकंच मानत होते, कदाचित जास्तच.

सासूबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "मास्तर, खरं सांगा. तोडताना तुमच्या ध्यानात व्हतं ह्ये?"

"व्हतं."

"माझ्या लेकाच्या जिवावर येईल, असं वाटत व्हतं?"

"व्हय."

"तरी तोडलं?"

सर खाली बघत म्हणाले, "बाईंचा जीव तवाच चाललाता, मावशी. दाजींचं काय व्हायचं ते नंतर झालं आसतं. मधी येळ मिळणार व्हता. तेवढ्या येळात कायतरी करता येईल, असं वाटलं."

म्हणजे टायर, ब्रेकची तार, हेल्मेट, रोज सकाळचं "दाजी हायेत का?" हे सगळं ते तेवढ्या वेळात करत होते. मला रडू आवरेना. मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

सासूबाईंनी पदराने खाटेजवळचं स्टूल पुसलं आणि सरांच्या पुढे सरकवलं. "मग बसा हितं. मी घरी जाऊन भाकरी टाकून आणते. तुमच्यासाठी बी आणते. तवर ह्याच्यावर नजर ठिवा." आणि पिशवी उचलून त्या खरंच निघून गेल्या.

सर स्टुलावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. नजर नवऱ्याच्या छातीवर. ती वर-खाली होते ना, तेवढंच बघत होते. औषधाच्या गुंगीने नवऱ्याचे डोळे मिटले तसे सर ताडकन उठून त्याच्या तोंडावर वाकले.

"दाजी! हायेत का?"

नवऱ्याने एक डोळा किलकिला केला. "आहे हो सर. जरा झोपू द्या."

"झोपा, झोपा," सर म्हणाले, आणि परत स्टुलावर बसून त्याच्या छातीकडे बघू लागले.